युनिट ट्रान्सफर होतात, पण मेजरला लागतात का?

सनीवेलहून एका आईचं पत्र आलंय. मुलाला यूसी, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस कॅम्पसला मेकॅनिकल इंजिनिअरिंगची अ‍ॅडमिशन मिळाली आहे. ती सोडून दोन वर्षं घरी राहून दी अँझा हे दोन वर्षांचं, स्वस्त कम्युनिटी कॉलेज करायचं आणि मग ट्रान्सफर घेऊन तिसऱ्या वर्षाला डेव्हिसला जायचं, असं घरात चाललंय. त्यांचा हिशेब असा: डेव्हिसची चार वर्षं वर्षाला ४४ हजार डॉलरप्रमाणे १ लाख ७६ हजार. दी अँझाची दोन वर्षं वर्षाला ७ हजार आणि पुढची दोन डेव्हिसला, मिळून १ लाख २ हजार. वाचले ७४ हजार, त्यातून पुण्याच्या फ्लॅटचं कर्ज फेडायचं. ‘दीर म्हणतात क्रेडिट सगळी ट्रान्सफर होतात. खरंच होतात का?’

ताई, बेरीज चोख आहे. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजात सेमिस्टर युनिटमागे (युनिट म्हणजे क्रेडिट मोजायचं माप) ४६ डॉलर पडतात. दी अँझा क्वार्टरवर, म्हणजे वर्षाच्या तीन छोट्या सत्रांवर चालतं, म्हणून तिथे ३१. ट्रान्सफरला लागणारी ९० क्वार्टर युनिट तीन हजार डॉलरच्या आत होतात. बाकी पुस्तकं, गाडी, इन्शुरन्स तुम्ही धरलंच आहे.

माझी काळजी ‘दोन वर्षांत’ या शब्दांची आहे. तिथेच एक वर्ष वाढलं तर काय होतं ते बघा. वाढीव वर्ष दी अँझाला गेलं तर खर्च फक्त सात हजारांनी वाढतो. तेच डेव्हिसला वाढलं तर ४४ हजार जातात आणि बचत उरते ३० हजार. शिवाय दोन्ही वेळा नोकरी वर्षभर लांबते. पहिल्या वर्षाचा पगार ७० हजार धरला तर दुसऱ्या प्रकारात तुम्ही ४० हजारांनी तोट्यात आहात.

दीर म्हणतात ते अर्धं खरं आहे. युनिट ‘ट्रान्सफर होणं’ म्हणजे युनिव्हर्सिटीने ती मोजणं. ती मेजरच्या, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयाच्या, कुठल्या कोर्सच्या जागी बसतात हा वेगळा प्रश्न, आणि पैसे त्या प्रश्नात अडकलेले असतात. माझ्याकडच्या एका कुटुंबातली मुलगी इंजिनिअरिंगलाच ट्रान्सफर झाली. तिची ९६ च्या ९६ युनिट मान्य झाली, घरात पेढे वाटले. नंतर डिग्री ऑडिट, म्हणजे पदवीसाठी काय झालं आणि काय उरलं याचा युनिव्हर्सिटीचा तक्ता, उघडलं तर सायकॉलॉजी, फिल्म हिस्टरी आणि असेच चार-पाच कोर्स ‘इलेक्टिव्ह’ या रकान्यात जाऊन बसलेले. स्टॅटिक्स आणि डिफरन्शियल इक्वेशन्स राहिली होती, आणि त्यांच्याशिवाय तिसऱ्या वर्षाचा एकही मुख्य कोर्स घेता येईना. एक वर्ष गेलं. तिची आई माझ्यासमोर बसून ते पान पुन्हा पुन्हा वर-खाली करत होती. ते मी विसरलेलो नाही.

हे आधी तपासता येतं, फुकट. असिस्ट डॉट ऑर्ग ही कॅलिफोर्नियाची अधिकृत साइट. तिथे दी अँझा, डेव्हिस आणि मेकॅनिकल इंजिनिअरिंग निवडलं की करार उघडतो. एका बाजूला डेव्हिसचा कोर्स, दुसऱ्या बाजूला त्याच्या जागी चालणारा दी अँझाचा. मुलाला शेजारी बसवून ओळ न् ओळ वाचा. कुठे दोन-तीन कोर्स ‘अँड’ने जोडलेले दिसतील, म्हणजे सगळे केले तरच श्रेय. फिजिक्स ४ए, ४बी, ४सी अशी मालिका अर्धी इथे, अर्धी तिथे करू नका. ‘नो कोर्स आर्टिक्युलेटेड’ लिहिलेलं दिसलं तर तो कोर्स डेव्हिसला गेल्यावरच करावा लागणार, असं धरून चालायचं. अशा ओळी किती आहेत ते मोजा. माझ्या मते तुमच्या निर्णयातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा तोच आहे. करार वर्षागणिक बदलतात, म्हणून ज्या वर्षी कोर्स कराल त्या वर्षाचं पान पीडीएफ करून ठेवा.

जास्त युनिट करून ठेवली की सुरक्षित, असंही वाटतं. यूसी कम्युनिटी कॉलेजची फार तर १०५ क्वार्टर युनिट मोजते. त्यापुढे विषयाचं श्रेय मिळतं, युनिट वाढत नाहीत. जनरल एज्युकेशनसाठी, म्हणजे मेजरबाहेरच्या सक्तीच्या विषयांसाठी, २०२५ च्या फॉलपासून कॅल-जेटेक हा नमुना आलाय. पण इंजिनिअरिंगला मेजरची तयारी आधी बघतात, त्यामुळे गणित आणि फिजिक्स मागे टाकून तो पुरा करण्यात अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट पत्रात नव्हती. तुम्ही हातातली सीट सोडताय. ट्रान्सफरला पुन्हा अर्ज आणि पुन्हा स्पर्धा. टॅग नावाची ट्रान्सफर प्रवेशाची हमी सहा यूसी कॅम्पस देतात आणि डेव्हिस त्यात आहे. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो नाहीत. अर्ज सप्टेंबरात, एकाच कॅम्पसला. मेजरनुसार अटी आणि ग्रेड वेगळ्या असतात, त्या आत्ताच वाचा. असिस्टवर जवळच्या सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटीचं पानही काढा. तिथली ट्यूशन यूसीच्या निम्म्याहून कमी आणि मुलगा चारही वर्षं घरी राहू शकतो. हा पर्याय तुम्ही मोजलेलाच नाही. (एच-फोर, म्हणजे पालकांच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर मुलं असलेल्यांनी हे उत्तर जसंच्या तसं घेऊ नये. २१ व्या वर्षी तो दर्जा संपतो आणि ट्रान्सफरचा काळ नेमका त्याच सुमाराला येतो.)

माझं मत: ‘नो कोर्स’च्या ओळी दोनपेक्षा जास्त नसतील, मुलाला मेकॅनिकलच करायचंय याची त्याची स्वतःची खात्री असेल आणि टॅगच्या ग्रेड आवाक्यात वाटत असतील, तर दी अँझा घ्या. मेजर अजून डळमळीत असेल तर डेव्हिस सोडू नका. तिसऱ्या क्वार्टरला मेजर बदललं की करार नव्याने वाचावा लागतो आणि वर्ष तिथेच जातं. चार लोक काय म्हणतील हे मनातून काढा, पदवीवर नाव यूसीचंच असतं.

पुण्याच्या कर्जाला ७४ हजार आत्ता लावू नका. ५२९ या शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यातले पैसे तर त्यासाठी काढूच नका, कारण शिक्षणाबाहेर वापरले की नफ्यावर आयकर, वर १० टक्के दंड आणि कॅलिफोर्नियाचे आणखी अडीच टक्के. पगारातून जे वाचेल त्यातले ३० हजार टप्प्याटप्प्याने कर्जात टाका. उरलेले ४४ हजार, म्हणजे डेव्हिसचं एक वर्ष, हाय-यील्ड सेव्हिंग्जमध्ये राहू द्या. ट्रान्सफर झाल्यावर डिग्री ऑडिट हातात येईल, उरलेले कोर्स सहा क्वार्टरमध्ये बसतात का ते त्यात दिसेल. बसत असतील तर त्याच आठवड्यात ते पैसे पुण्याला पाठवा.

आणि या शनिवारी दी अँझाचं पान उघडाल, तेव्हा ‘नो कोर्स’च्या ओळी किती निघाल्या ते मला कळवा.