गाडीत चार्ज आहे, तरी जीव टांगणीला

प्रश्न : दादा नमस्कार. इलेक्ट्रिक गाडी घेऊन सहा आठवडे झाले. ऑफिस घरापासून 42 किलोमीटर, म्हणजे जाऊन येऊन रोजचे 84. बॅटरी 40 युनिटची आहे. सकाळी फुल चार्ज करून निघते तेव्हा गाडी 270 किलोमीटर रेंज दाखवते, आणि हायवेने ऑफिसला पोचेपर्यंत 190 वर येते. म्हणजे चालले 42 आणि गेले 80! संध्याकाळी बरोब्बर उलटं, ट्रॅफिकमधून हळूहळू घरी येते तर फक्त 20 कमी होतात, 170 दाखवते. मग खरं काय मानायचं? सकाळी तो आकडा भराभर उतरताना बघून हातापायातलं बळच जातं, एसी बंद करते, घामाघूम होऊन ऑफिसात पोचते. घरचे म्हणतात विकून टाक. काय करू?

उत्तर : ताई, आधी एसी लावा. उद्यापासूनच लावा. गाडी एकदा गार झाली की एसीला तासाला साधारण 1 युनिट लागतं, कधीकधी त्याहून कमीच, म्हणजे तुमच्या 40 युनिटमधले फारतर अडीच टक्के, आणि तेही तासाभराचे. एवढ्यासाठी घामाघूम व्हायचं काही कारण नाही. कडाक्याची थंडी असते तिथे हीटरची गोष्ट वेगळी, तो जुन्या पद्धतीचा असेल तर तासाला 3 ते 5 युनिट सहज खातो आणि गार बॅटरी स्वतःही सुस्त होते. त्यावर उपाय म्हणजे गाडी चार्जरला लावलेली असतानाच आतून गरम करून घ्यायची.

आता आकड्याचं कोडं. तुमची गाडी खोटं बोलत नाहीये, ती अंदाज बांधतेय, आणि तो अंदाज बांधते मागच्या काही किलोमीटरच्या हिशोबावर. काल संध्याकाळी तुम्ही हळू आलात, तेव्हा किलोमीटरला 0.15 युनिट गेलं असं धरा, म्हणून सकाळी गाडीने 40 भागिले 0.15 केलं आणि 270 च्या जवळपास आकडा दाखवला. मग तुम्ही हायवेला लागलात, ताशी 100 ने, तिथे किलोमीटरला 0.19 च्या आसपास जायला लागलं, तशी गाडी आपलं मत बदलत गेली आणि 190 वर आली. संध्याकाळी परत हळू चाललात की ती परत खुश. म्हणजे ते जे 80 गेले त्यातले 42 तुम्ही खरोखर चाललात आणि बाकीचे 38 मुळात नव्हतेच, गाडीने सकाळी जास्तीचे धरले होते. इतकंच आहे ते.

म्हणून माझं ठाम मत, स्क्रीनवर किलोमीटरऐवजी टक्के लावून ठेवा. टक्के म्हणजे टाकीत उरलेलं पाणी, ते तुम्ही काल कशी गाडी चालवली त्यावर बदलत नाही. वरच्या हिशोबाने जाताना 8 युनिट म्हणजे 20 टक्के, येताना साधारण 16 टक्के. सगळे मिळून 36. म्हणजे ताई, ज्या गाडीत बसून तुमचं काळीज धडधडतंय ती रोज घरी येते तेव्हा तिच्यात 64 टक्के शिल्लक असतात! एखाद्या रात्री चार्ज करायचं राहून गेलं तरी दुसऱ्या दिवशी जाऊन येऊन 28 उरतील.

पण माझ्या सांगण्यावर विसंबू नका, स्वतः लिहून काढा. पंधरा दिवस एका कागदावर निघतानाचे टक्के आणि पोचल्यावरचे टक्के लिहायचे, बाजूला दोन शब्द की ट्रॅफिक होतं का, घाई होती का, टायरमधली हवा कमी होती का (हवा कमी असली की चार्ज जास्त जातो, महिन्यातून एकदा तरी बघा). पंधरा दिवसांनी सगळ्यात वाईट दिवस शोधा. समजा त्या दिवशी 42 टक्के गेले. तर तो तुमचा आकडा, 42. त्यावर 15 टक्के हातचे राखायचे. सकाळी गाडीत 57 च्या वर आहेत ना, मग त्या दिवसापुरती गाडीकडे बघायचं सुद्धा नाही. मी चार वर्षांपूर्वी असाच कागद केला होता, आणि खरं सांगतो, धाकधूक कुणाच्या समजावण्याने गेली नाही, त्या कागदाने गेली. नंतर मुद्दाम एक रात्र चार्ज न करता दुसऱ्या दिवशी गेलो, 30 च्या खाली आकडा बघितला, आणि गाडी नेहमीसारखीच चालते हे अंगात भिनलं.

आणि एखाद्या दिवशी खरंच कमी चार्ज असेल तर वेग कमी करा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, 100 वरून 80 वर आलात की किलोमीटरमागे हवेशी झगडण्यात जाणारी ऊर्जा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कमी होते, आणि 42 किलोमीटरला उशीर किती, तर साधारण 6 मिनिटं. चढावर मात्र घाबरू नका. दीडपावणेदोन टनाची गाडी 100 मीटर वर न्यायला जेमतेम अर्धं युनिट जास्तीचं लागतं आणि उतरताना त्यातलं बरंचसं परत बॅटरीत येतं.

ही भीती वाटणाऱ्या तुम्ही काही पहिल्या नाही. 1997 मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोच्या एका पेपरात जनरल मोटर्सच्या ईव्ही1 गाडीबद्दल लिहिताना ‘रेंज अँग्झायटी’ हा शब्द आला, तेव्हा एका चार्जमध्ये शंभरेक किलोमीटर जायची गाडी आणि रस्त्यात चार्जर म्हणाल तर जवळपास नाहीतच. तेव्हाची भीती रास्त होती. तुमच्याकडे त्याच्या दुपटीहून जास्त रेंज आहे आणि रात्री घरी चार्जर. तासाला 3 युनिट देणारा असेल तरी तुमचे 36 टक्के 5-6 तासांत भरून निघतात. गाडी विकू नका.

प्रश्न : रोज 100 टक्के करू की 80? 80 वर थांबवलं की मनाला कमी पडल्यासारखं वाटतं.

उत्तर : बॅटरी कुठली आहे ते मॅन्युअलमध्ये बघा. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) असेल तर आठवड्यातून एकदा तरी 100 करा, नाहीतर गाडीला उरलेल्या टक्क्यांचा अंदाज नीट येत नाही. एनएमसी (निकेल, मँगनीज, कोबाल्टवाली) असेल तर रोजच्याला 80 बरं, लांब जायच्या आदल्या रात्री 100.

प्रश्न : माझ्याकडे घरी चार्जिंगची सोयच नाही, बाहेरच्या फास्ट चार्जरवरच सगळं. आठवड्याला 300 किलोमीटर होतात. मी उगाच घाबरतोय का?

उत्तर : नाही भाऊ, तुमची काळजी खरी आहे आणि ती हिशोबाने पूर्ण जाणार नाही. चार्जर बंद निघतो, रांग असते, ऐनवेळी ॲप चालत नाही. म्हणून तुमच्यासाठी नियम वेगळा, 15 नाही तर 30 टक्के हातचे ठेवा, आणि चार्जरवर पोचताना दुसऱ्या चार्जरपर्यंत जाता येईल एवढं गाडीत असलंच पाहिजे. फास्ट चार्जरवर 80 च्या पुढे वेग खूप पडतो, तिथे ताटकळत बसू नका, 80 ला काढा आणि गरजेप्रमाणे आठवड्यातून दोन-तीनदा जा. आणि ऑफिसच्या पार्किंगमध्ये एक साधा प्लग मिळतो का ते नक्की विचारा, लाजू नका, दोघंतिघं मिळून विचारलंत तर अजून बरं. गाडी तिथे 8-9 तास नुसती उभी असते, तेवढ्यात हळू प्लगवर सुद्धा 20 युनिट सहज भरतात.