‘छान आहे’ म्हणतात आणि पुढे जातात

दुसऱ्या भेटीला ती आपली चित्रं घेऊनच आली. पाच कॅनव्हास, जुन्या चादरीत गुंडाळलेले. “ताई, तुम्हीच सांगा, यांत काय कमी आहे?”

चित्रातलं मला फारसं कळत नाही, आणि चित्राला मार्क देणं समुपदेशकाचं कामही नाही. पण हा प्रश्न घेऊन माझ्याकडे बरेच जण येतात, म्हणून तिच्या परवानगीने, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून, हे लिहिते आहे.

चित्रांसाठी नोकरी सोडून तिला दोन वर्षं झाली होती. प्रदर्शनात तिच्या स्टॉलवर लोक थांबत, ऑनलाइन लाइक्सही भरपूर. विक्री मात्र जवळजवळ नाही. “थांबतात, ‘छान आहे’ म्हणतात आणि पुढे जातात. मी जीव ओतून काढते, तरी कुणाला भिडतच नाही. म्हणजे माझ्यातच काही नाही का?” झोप उडाली होती. घरच्यांनी नुसतं “कसं चाललंय?” विचारलं तरी लागायचं.

चित्र न विकलं जाणं आणि माणूस म्हणून आपण नाकारलं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी पहिल्याच भेटीत सांगून पाहिलं होतं. तिने मान डोलावली. फरक काही पडला नाही. समजुतीची वाक्यं बहुतेक वेळा अशीच वाया जातात.

म्हणून या वेळी म्हटलं, मी गिऱ्हाईक होते, तुम्ही स्टॉलवर बसा. एका चित्रासमोर थांबले. खिडकीच्या कट्ट्यावर एक चष्मा, त्याची एक काडी निळ्या दोऱ्याने गुंडाळून बांधलेली. मी नीट बघायच्या आतच तिचं सुरू झालं. “हे एकटेपणावर आहे. वार्धक्य, विस्मरण, नात्यांमधली पोकळी...” ती बोलत राहिली, मी मान हलवत राहिले. आणि शेवटी माझ्याच तोंडून निघून गेलं, “छान आहे.”

मी हसले. तिला हसायला थोडा वेळ लागला.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधल्या प्रेक्षकांचं निरीक्षण करून २००१ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. एका कलाकृतीसमोर माणसं सरासरी २७ सेकंद थांबत होती, आणि निम्म्या वेळा तर १७ सेकंदही नाही. जगातली नावाजलेली चित्रं, तिथेही ही गत! एवढ्याशा वेळात बघणाऱ्याच्या मनात त्याचं स्वतःचं काहीतरी वर यायचं असतं. माझी नजर त्या निळ्या दोऱ्यावर अडकली होती. तिच्या ‘पोकळी’ने ती सोडवली.

“दोरा कुणी बांधला?” मी विचारलं.

ती गप्प झाली. मग म्हणाली, “बाबांनीच. मी नवा चष्मा करून आणला होता. तो डबीतच राहिला. ते गेल्यावर कपाटात सापडला, पुसायचं फडकंसुद्धा घडी न मोडलेलं.”

इतक्या वेळच्या बोलण्यात यातलं एक अक्षर नव्हतं. का नव्हतं? “असं कसं सांगायचं, ताई? दुःख विकायला काढल्यासारखं वाटतं.”

म्हणजे ती मोठमोठे शब्द चित्र समजावून सांगायला वापरत नव्हती, झाकायला वापरत होती.

मी नॉर्वेचा चित्रकार एडवर्ड मुंक याचं उदाहरण दिलं. त्याची बहीण १८७७ मध्ये, पंधराव्या वर्षी, क्षयाने गेली. आजारी मुलीचा तो एकच विषय त्याने १८८५ ते १९२६ या काळात रंगांमध्ये सहा वेळा काढला, शिवाय त्याच्या छापील प्रतीही केल्या. चित्रं दुसऱ्यांच्या संग्रहात गेली म्हणून त्याचं दुःख खोटं ठरलं नाही. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “तो मुंक होता, ताई.” खरंच होतं तिचं. मोठ्यांचे दाखले दिले की समोरचं माणूस आणखी लहान होतं. इतकी वर्षं हे काम करूनही मी ते विसरते.

मग आम्ही साधं काम केलं. त्या आठवणीतलं किती चित्राबरोबर जाऊ द्यायचं आणि किती स्वतःपाशी ठेवायचं, ते तिनेच ठरवलं. आजारपण, शेवटचे दिवस स्वतःपाशी. चित्राशेजारच्या चिठ्ठीवर फक्त, ‘बाबांचा चष्मा. दोरा त्यांनीच बांधलेला.’ आणि समोरचा बोलेपर्यंत आपण बोलायचं नाही. ‘गोष्ट सांगा म्हणजे माल खपतो’ हा सल्ला हल्ली सगळीकडे मिळतो. मला त्याची धास्ती वाटते, कारण मग माणसं गोष्टी बनवू लागतात. तिच्या त्या पाचांत पिंजऱ्यातल्या पक्ष्याचं एक चित्र होतं, लाइक्स मिळतात म्हणून काढलेलं. त्याविषयी खरी अशी दोन वाक्यंही तिला सुचली नाहीत.

पुढच्या प्रदर्शनानंतर ती आली ती रागातच. एक बाई चष्म्यासमोर बराच वेळ उभी राहिली. मग हसून म्हणाली, “आमच्या आजीचा अस्साच होता, फक्त तिने चिकटपट्टी लावलेली!” आणि किंमत विचारली. हिने तिथल्या तिथे दुप्पट सांगितली. बाई निघून गेली.

दुपटीचं मला नवल वाटलं नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि त्याच्या सहकाऱ्यांचा १९९० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे, त्यात विद्यार्थ्यांना साधे कॉफीचे मग देऊन पाहिलं होतं. हातात आलेला मग विकायला विद्यार्थी जी किंमत मागत, ती घेणारे द्यायला तयार असलेल्या किमतीच्या साधारण दुप्पट होती. नुकत्याच मिळालेल्या मगाची ही गोष्ट. हा तर वडिलांचा चष्मा.

तिला लागलं होतं ते वेगळंच. “ती हसली, ताई. बाबांच्या चष्म्याकडे बघून हसली.”

“तिला आजी भेटली असेल.”

“मग माझे बाबा कुठे गेले त्यात?”

माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं. चित्र भिडावं ही इच्छा घेऊन ती आली होती. ते भिडलं, पण समोरच्या बाईने आपलं माणूस तिथे आणून बसवलं. आपलं दुःख जसंच्या तसं दुसऱ्याच्या मनात उतरेल, ही आशा सोडताना दुखतंच. त्या दिवशी आम्ही फार बोललो नाही. उठताना ती म्हणाली, “हे विकायचं नाहीये मला.” इतके दिवस त्यावर किमतीची चिठ्ठी होती, आणि ते विकलं जात नाही म्हणून तिची झोप उडाली होती.

ते चित्र आता तिच्या घरी आहे. मधल्या काळात तिने अर्ध्या वेळेची नोकरी धरली. विक्री वाढली आहे, पण घर चालण्याइतकी नाही. झोप लागते. आणि तिने एक नवं चित्र काढलं, उघडी डबी, आत नवाकोरा चष्मा, घडी न मोडलेलं फडकं. या वेळी चिठ्ठीवर काहीच लिहिलं नाही.

ते एका गृहस्थांनी घेतलं. “हा कुणाचा?” त्यांनी विचारलं. “कुणीच वापरला नाही,” ती म्हणाली. त्यांनी आणखी थोडा वेळ पाहिलं आणि पैसे काढले.

“का घेतलं, ते विचारलंत का?” मला राहवलं नाही.

“नाही. तुम्हीच म्हणाला होतात ना, गप्प बसायचं.”