पायातली शीर काढली म्हणजे नक्की काय काढलं?

प्रश्न असा आलाय: "आईच्या हाताला रात्री मुंग्या येतात. डॉक्टर म्हणाले मनगटात नस दबलीये. शेजारच्या काकूंनी घाबरवून सोडलं की शीर दबली म्हणजे रक्त जाणार नाही, हात काळा पडेल. नस आणि शीर एकच का? आणि नर्व्हला शुद्ध मराठी शब्द कोणता, मज्जातंतू, चेतातंतू की स्नायू?"

आधी आईचं सांगतो म्हणजे जीव भांड्यात पडेल. डॉक्टर ज्याला नस म्हणाले ती नर्व्ह, म्हणजे संवेदना आणि हालचालीचे निरोप नेणारी दोरी, रक्ताची वाहिनी नव्हे, त्यामुळे हात काळाबिळा पडत नाही. काकूंचीही चूक नाही म्हणा, कारण मराठीत शीर म्हटलं की पहिल्यांदा निळी फुगलेली रक्ताचीच शीर डोळ्यासमोर येते आणि नस हा शब्द तिलाच लावणारेही भरपूर आहेत. पण दुखणं कुठल्या नसेचं हे बोटांवरून कळतं, आईला विचारून बघा करंगळीला मुंग्या येतात का. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू एवढ्यालाच येत असतील आणि रात्री जाग आल्यावर हात झटकला की बरं वाटत असेल तर ती बहुतेक मीडियन नर्व्ह. मनगटात एक अरुंद बोगदा असतो, त्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) आणि ही एक नर्व्ह अशी दाटीवाटीने जातात, थोडी सूज आली की बिचारी नर्व्हच चेपते. करंगळी आणि अनामिकेची उरलेली अर्धी बाजू दुसऱ्या नर्व्हची, अल्नरची, आणि ती त्या बोगद्यातून जातच नाही. मला गंमत वाटते ती ही की ज्या बोटाला आपण नावच दिलं नाही, अनामिका म्हणून सोडून दिलं, नेमके त्याचेच मालक दोन.

आता शब्दाकडे. आमच्याच गोतावळ्यातली तीन माणसं घ्या. काकांची बायपास झाली तेव्हा घरात सगळे म्हणत होते "पायातली शीर काढून हृदयाला लावली". भाच्याचा फुटबॉल खेळताना गुडघा गेला, त्याचं ऑपरेशन झालं तेव्हाही "पायातलीच शीर काढून गुडघ्यात बसवली". आणि एका मित्राचा हात खिडकीच्या काचेने कोपराच्या जरा खाली कापला गेला, त्यालाही पायातली शीर काढून हातात जोडली. तिघांच्याही पायातून काढली, तिन्हीवेळा शीर, आणि तिन्हीवेळा वेगळीच वस्तू! काकांची होती व्हेन, म्हणजे रक्त परत नेणारी नीला. भाच्याची होती कंडरा, गुडघ्यामागे आतल्या बाजूला हात लावला की ताठ दोरी लागते ना त्यातलीच. मित्राची होती पोटरीच्या मागून जाणारी सुरल नावाची नर्व्ह, ती काढली तरी चालणं बिघडत नाही, पावलाच्या बाहेरच्या कडेला थोडा भाग बधीर राहतो इतकंच, म्हणून सर्जन लोक जोडकामाला तीच घेतात. काकांचं तर अजून पुढे आहे, त्यांना नडगीच्या आतल्या बाजूला अजून बधीर वाटतं कारण तिथे त्या नीलेला चिकटून एक नर्व्ह जाते आणि नीला काढताना ती दुखावली जाऊ शकते. म्हणजे मराठीत काय झालं, शीर काढताना शीर दुखावली. आता हे वाक्य कुणाला समजावून सांगा!

नसचंही तेच. "नसानसात भिनलंय" म्हणतो तेव्हा रक्ताची, "दुखरी नस" म्हणतो तेव्हा नर्व्ह, दाढेची नस काढली म्हणजे रूट कॅनाल, तिथेही नर्व्हच. आणि नसबंदीतली नस? ती ना रक्ताची ना संवेदनेची, ती शुक्राणूंची नळी. रात्री पोटरीत गोळा येतो त्याला "शिरेवर शीर चढली" म्हणतात, तिथे तर कुठलीच शीर कशावर चढलेली नसते, स्नायू आवळून बसलेला असतो. टाचेच्या वर जी जाड दोरी आहे तिला जुनी माणसं घोडशीर म्हणतात, ती कंडरा. थोडक्यात शरीरात जे जे लांब, बारीक, दोरीसारखं ते शीर किंवा नस, आत काय वाहतं ते बघायच्या भानगडीत बोलणारा पडत नाही, आणि का पडावं, त्वचेखाली हाताला लागतं ते सगळं दोरीसारखंच लागतं.

हा गोंधळ अडाणीपणाचा आहे असं कुणी म्हणालं की मला राग येतो. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, म्हणजे शरीररचनेच्या भागात, ७०० सिरा (आपल्या शीर शब्दाचं मूळ) मोजल्यात आणि त्या फक्त रक्ताच्या नाहीत, वात, पित्त, कफ आणि रक्त अशा चौघांना १७५-१७५ वाटून दिल्यात. (यावरून "सुश्रुताला नर्व्ह माहीत होत्या" असे मेसेज फिरवू नका प्लीज, वातवाहिनी सिरा म्हणजे नर्व्ह असं सरळ समीकरण बसत नाही.) तिकडे ग्रीकांकडेही तेच. न्यूरॉन या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ कंडरा, धनुष्याची दोरी, आणि लॅटिन नर्व्हसचाही तोच. इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात हेरोफिलस आणि एरासिस्ट्रेटस या ग्रीक वैद्यांनी प्रेतं फाडून नर्व्ह आणि कंडरा वेगळ्या ओळखल्या, पण शब्द जुनाच राहिला. तळहातात कातडीखाली जो कंडरेचा पसरट पडदा असतो त्याला आजही ॲपोन्यूरोसिस म्हणतात, नाव न्यूरोचं आणि नर्व्हशी संबंध शून्य.

स्नायू या शब्दाचा प्रवास तर अजून मजेशीर आहे. सुश्रुत ९०० स्नायू सांगतो ते बांधून ठेवणारे पट्टे आणि दोऱ्या, मांसासाठी त्याचा शब्द वेगळा, पेशी, त्या ५००. आपण मराठीत स्नायू उचलला आणि तो मसलला देऊन टाकला, पेशी उचलली ती सेलला दिली. बंगाल्यांनी तोच स्नायू घेतला आणि नर्व्हला दिला. त्यामुळे कोलकात्याच्या दवाखान्यात स्नायूचा डॉक्टर म्हणजे न्यूरॉलॉजिस्ट आणि आपल्याकडे जिमवाला. तुमच्या प्रश्नातला तिसरा पर्याय म्हणून बाद, निदान मराठीत तरी.

मज्जातंतू हा आपल्या आजोबांच्या पिढीपासून रुळलेला शब्द. पण मज्जा म्हणजे सप्तधातूंपैकी एक, हाडाच्या आतला गर. लॅटिन मेड्युला म्हणजेही गरच, पाठीच्या कण्यात हाडांच्या आत मऊ दोरी दिसली म्हणून तिकडे ती गर झाली आणि इकडे मज्जारज्जू, आणि त्यातून निघणारे धागे ते मज्जातंतू. तोटा असा की आता बोन मॅरोला अस्थिमज्जा म्हणतात, तिथे रक्त तयार होतं, तेव्हा मज्जा ऐकून माणूस भलतीकडेच जातो. शाळेच्या पुस्तकांनी म्हणून चेता धरली, चेतापेशी, चेतातंतू, चेतासंस्था, संवेदी चेता, प्रेरक चेता वगैरे. शब्द चांगला आहे, अर्थ दाखवतो, पण दहावीनंतर कोणाच्या तोंडात येत नाही. "डॉक्टर माझी चेता दबलीये" असं म्हणणारा पेशंट मी अजून बघायचाय.

खरं तर नर्व्हच्या नावापेक्षा तिच्या दुखण्याचे शब्द मराठीत जास्त चांगले आहेत आणि तिकडे आपलं लक्ष जात नाही. बधीर घ्या. संस्कृतात बधिर म्हणजे बहिरा, कर्णबधिरमध्ये तो अर्थ अजून आहे, मराठीने तोच शब्द कातडीला लावला, म्हणजे ज्या कातडीला ऐकू येत नाही ती बधीर. याच्याहून नेमकं काय सांगणार? कुष्ठरोगाच्या जाहिरातीत भिंतीवर बधीर चट्टा लिहिलेलं असायचं ते यासाठीच, तो रोग मुळात नर्व्हवर बसतो, कोपरामागची अल्नर नर्व्ह सुतळीसारखी जाड होऊन हाताला लागते, मग करंगळीकडची बोटं आकडतात आणि हात पंजासारखा होतो. बोटं झडतात हा गैरसमज, बधीर बोटाला चटका बसला, जखम झाली तरी कळत नाही आणि असं होत होत ती झिजतात. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी अशा हातांवर कंडरा बदलायची ऑपरेशनं बसवली, चालणाऱ्या स्नायूची कंडरा वळवून मेलेल्या स्नायूच्या कामाला लावायची. तेही मराठीत सांगायला गेलं तर परत "एक शीर गेली म्हणून दुसरी शीर लावली"!

लुळं पडणं हाही असाच नेमका शब्द. दंडाचं हाड मोडलं किंवा खुर्चीच्या पाठीवर हात टाकून दारूच्या नशेत रात्रभर झोपला की हाडाला वळसा घालून जाणारी रेडियल नर्व्ह चेपते, सकाळी मनगट लुळं, वर उचलतच नाही. पायात तेच गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला जरा खाली, तिथे पेरोनियल नर्व्ह हाडावर अगदी कातडीखाली असते, तासन्‌तास उकिडवं बसून काम केलं तरी दबते आणि पाऊल वर उचललं जात नाही. इथे आपल्याकडचे डॉक्टर एक भारी प्रश्न विचारतात, चप्पल पायातून निसटते का, आणि निसटली की कळतं का? कळतं पण धरून ठेवता येत नाही म्हणजे ताकद गेलीये, निसटली हेच कळलं नाही म्हणजे संवेदना गेलीये. बूट घालणाऱ्यांना हा प्रश्न विचारून काय उपयोग.

आणि दबली या शब्दाबद्दल, कारण लोक सगळ्यालाच दबली म्हणतात. सेडन नावाच्या ब्रिटिश सर्जनने १९४३ मध्ये नर्व्हच्या इजेचे तीन प्रकार केले. एकात नुसती चेपलेली, आतले धागे शाबूत, काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआप सुधारते. दुसऱ्यात बाहेरचं आवरण आहे पण आतले धागे तुटलेत. तिसऱ्यात सगळीच तुटलेली, ती शिवावी लागते. मी याला दबली, आतून तुटली आणि आरपार तुटली म्हणतो, ग्रीक मुळांवरून बनवलेली अवघड नावं पाठ करण्यापेक्षा हे बरं. फरक महत्त्वाचा, कारण तुटलेला धागा परत वाढतो तो दिवसाला साधारण १ मिलिमीटर, म्हणजे महिन्याला इंचभर, आणि नातेवाईक टाके काढल्यावर आठ दिवसांत विचारायला लागतात की बोट का हलत नाही.

मग मी काय वापरतो? रक्ताची ती शीर, संवेदनेची ती नस, हाड ओढणारी ती कंडरा, आणि समोरचा गोंधळला की सरळ नर्व्ह. शीर-नस अशी वाटणी कुठल्या कोशात दिलेली नाही, ती माझी सोय आहे, पण डॉक्टर मंडळी तशीही नस दबलीये आणि शीर फुगलीये असंच बोलताना ऐकू येतात. लिहिताना मज्जातंतू चालतो, शाळेच्या पोरांसाठी चेता. कंडरा मात्र बोलण्यात आणायलाच हवा, त्याला दुसरा धड शब्दच नाही.

मुंग्यांचं राहिलंच. मुंग्या येणं हे काही आपलं एकट्याचं नाही, फ्रेंच लोकही हेच म्हणतात, त्यांच्याकडे मुंगीला फुर्मी आणि मुंग्या येण्याला फुर्मीयमाँ. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिक तपासताना टिनेल या फ्रेंच डॉक्टरने १९१५ मध्ये लिहिलं की तुटलेल्या नर्व्हच्या वाटेवर बोटाने टकटक केलं की एका जागी मुंग्या येतात, आणि नर्व्ह वाढत असेल तर ती जागा महिन्यागणिक पुढे सरकते. त्याने त्याला नावच दिलं मुंग्यांची खूण. दुखणं म्हणजे नर्व्ह डिवचली गेलीये आणि मुंग्या म्हणजे ती वाढतेय, हा त्याचा मुद्दा. माझा तो काचवाला मित्र दर रविवारी स्वतःच्या हातावर टकटक करून बघतो आणि बॉलपेनने खूण करतो. गणपतीत मुंग्या मनगटाच्या चार बोटं वर होत्या, दिवाळीत मनगटाशी आल्या, करंगळीच्या टोकापर्यंत अजून बरंच चालायचंय त्यांना.