वाचकांचे प्रश्न: रंकाळ्याच्या पाण्याचा गढूळपणा आणि गुळातला चुना

प्रश्न: आमच्या शाळेतल्या नववीच्या दोन मुलींनी कुणी न सांगता रंकाळ्याच्या पाण्याचा गढूळपणा मोजायचं यंत्र जुळवलंय. पांढरा एलईडी, समोर एलडीआर (उजेडानुसार रोध बदलणारा सेन्सर), मधे काचेची बाटली आणि मागे आकडे वाचणारं अर्डुइनो हे छोटं संगणक-बोर्ड. मला त्यांचा फार अभिमान वाटतो. पण एकाच बाटलीचा आकडा सकाळी ६१० आणि दुपारी ५४० येतो, त्यामुळे दोघी हिरमुसल्यात. मी किती मदत करू?
– एक विज्ञान शिक्षिका, कोल्हापूर

उत्तर: बाई, अभिमान वाटावा असंच काम आहे. तेच पाणी दुपारी पुन्हा मोजून पाहावं हे त्यांना सुचलं, याचं कौतुक यंत्राच्या कौतुकाहून जास्त करा. बहुतेक प्रकल्पांत पहिला आकडा तक्त्यावर चढतो आणि विषय तिथंच संपतो.

त्यांना कारण सांगू नका. मेडिकलमध्ये मिळणारं डिस्टिल्ड वॉटर तशाच दुसऱ्या बाटलीत भरून द्या आणि दोन्ही बाटल्या सकाळ-दुपार मोजायला सांगा. स्वच्छ पाण्याचाही आकडा सरकला तर दोष यंत्रात, फक्त तळ्याच्या पाण्याचा सरकला तर बदल पाण्यात. मग आकडा कुठल्या दिशेला गेला ते त्यांनाच पाहू द्या. गाळ खाली बसला असेल तर तो स्वच्छ पाण्याच्या आकड्याकडे जाईल. उलट दिशेला गेला तर एलईडी मंद झाला असेल, नाहीतर बाटलीला बाहेरून दव धरलं असेल.

एलडीआरचे स्वतःचेही दोष आहेत. बराच वेळ अंधारात राहिलेला एलडीआर उजेडात आल्यावर लगेच स्थिर होत नाही, शिवाय तापमानानंही त्याचा रोध बदलतो. म्हणून यंत्र दहा मिनिटं आधी चालू ठेवावं. बाटली पाच-सहा वेळा हलकेच उलटीसुलटी करावी, जोरात हलवू नये, कारण बुडबुडेही गाळासारखाच उजेड विखुरतात. अर्धा मिनिट थांबून दहा आकडे घ्यावेत आणि चढत्या क्रमानं लावून मधला धरावा. बाटली दर वेळी त्याच बाजूनं बसावी म्हणून तिच्यावर आणि खोक्यावर खूण करावी. खोकं आतून काळ्या कागदाचं हवं, झाकणाच्या फटीतूनही उजेड शिरता कामा नये.

खरी मेख पुढं आहे. रंकाळ्याच्या पाण्यात शेवाळ असतं. हिरवा रंग पांढऱ्या उजेडातला काही भाग शोषतो, त्यामुळे यंत्र रंग आणि गाळ एकत्रच मोजतं. मुलींना ही शंका आली, तर इन्फ्रारेड एलईडी आणि फोटोडायोड (उजेड पडला की वीज वाहू देणारा सेन्सर) आणून द्या. फोटोडायोड समोर न लावता काटकोनात बसवायचा, म्हणजे कणांवरून विखुरलेलाच प्रकाश त्याच्यावर पडतो. तो उलटा जोडावा: कॅथोड ५ व्होल्टला, ॲनोड अर्डुइनोच्या ए-० या आकडे वाचणाऱ्या पिनला, आणि ए-० ते ग्राउंड १ मेगाओहमचा रोध. रोधाला समांतर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की आकड्यांची थरथर कमी होते. एलईडीला २२० ओहमचा रोध विसरू नये. हा एलईडी पेटलेला डोळ्यांना दिसत नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिला तर बहुतेक फोनमध्ये जांभळट ठिपका दिसतो.

तुलनेसाठी दूध चांगलं. १ मि.ली. पिशवीचं दूध ९९ मि.ली. पाण्यात मिसळावं. त्यातलं १, २, ४ आणि ८ मि.ली. सिरिंजनं घेऊन प्रत्येक वेळी पाणी घालून १०० मि.ली. करावं आणि तासाभरात मोजून आलेख काढावा. आलेखावरून येतो तो ‘दुधाइतका गढूळपणा’, त्याला एनटीयू (गढूळपणाचं प्रमाणित एकक) म्हणू नये. एनटीयूसाठी फॉर्मॅझिन हे तुलनेचं प्रमाणित गढूळ मिश्रण लागतं आणि ते हायड्रॅझिनपासून बनतं. हायड्रॅझिन विषारी आहे, शाळेत ते बनवूच नये.

तुमची मदत साहित्य, प्रश्न आणि काठावरची सोबत एवढीच असू द्या. पाणी घ्यायला दोरी बांधलेली बाटली वापरावी, मुलींनी पाण्यात उतरू नये. सोल्डरिंग त्यांनाच करू द्या, टाका कच्चा राहिला तरी. चुकलेले आकडे वहीतून खोडू देऊ नका.

प्रश्न: चुना जास्त पडला की गूळ काळा का होतो, हे आठवीतल्या मुलाला शोधायचंय. गुऱ्हाळ घरचंच आहे, पण उकळत्या काहिलीजवळ (रस आटवायच्या मोठ्या कढईजवळ) त्याला सोडवत नाही.
– एक पालक, करवीर तालुका

उत्तर: अर्धा प्रयोग थंड रसावर होतो. लिटरभर पाण्यात चमचाभर खायचा चुना ढवळून रात्रभर ठेवा आणि वरची निवळी घ्या. कळीचा चुना मुलाच्या हाती देऊ नका. चार ग्लासांत १०० मि.ली. ताजा रस घेऊन त्यात ०, १०, २० आणि ४० मि.ली. निवळी घालावी. निवळी आणि साधं पाणी मिळून प्रत्येक ग्लासात ४० मि.ली. भरलं पाहिजे, नाहीतर रंगातला फरक नुसत्या पातळपणाचाही असू शकतो. पीएच पट्टीनं सामू मोजावा, मळी, म्हणजे रसातली घाण, तळाशी किती बसते ते पाहावं आणि मागे पांढरा कागद धरून एकाच उजेडात फोटो काढावेत. ताजा रस थोडा आंबट असतो, सामू ५ च्या थोडा वर. रस लवकर आंबतो म्हणून सगळं तासाभरात उरकावं. सामू ७ च्या वर गेला की रसातली द्रव्यं पिवळी पडू लागतात, आणि तापल्यावर ग्लुकोज-फ्रुक्टोज फुटून तपकिरी रंग चढतो. हा दुसरा भाग थंड ग्लासात दिसणार नाही. त्यासाठी गुळव्यानं काहिलीतून काढून पूर्ण गार केलेले नमुनेच मुलाच्या हाती द्यावेत.