जुन्या आउटबोर्ड इंजिनचा कार्बोरेटर दोनदा साफ करूनही रेस दिली की इंजिन बंद का पडते?

आपल्या होडीच्या मागे बसवलेले १५ अश्वशक्तीचे जुने टू-स्ट्रोक इंजिन पावसाळाभर झापांखाली ठेवल्यानंतर चोक ओढून सुरू होते, मंद गतीवर बरे चालते, पण रेस दिली की बंद पडते, आणि कोणी टाकीच्या नळीवरचा रबरी बल्ब दाबत राहिल्यास मात्र चालू राहते, असे आपण लिहिले आहे. यातले शेवटचे लक्षण सर्वांत बोलके आहे. माझ्या मते आता कार्बोरेटर तिसऱ्यांदा उघडण्याची घाई करू नये.

बल्ब दाबल्याने पेट्रोल फक्त कार्बोरेटरच्या वाटीपर्यंत, म्हणजे त्यातल्या पेट्रोल साठण्याच्या कप्प्यापर्यंत, पोहोचते. तेवढ्याने इंजिन सावरत असेल, तर पुढचा मेन जेट (वाटीतले पेट्रोल इंजिनाकडे सोडणारी बारीक छिद्राची पितळी नळी) पेट्रोल सोडतो आहे, कमतरता आहे ती वाटी भरण्यात. मंद गतीवर इंजिनाला पेट्रोल थोडेच लागते, म्हणून दोष तेव्हा लपून राहतो. रेस दिली की वाटी भरण्यापेक्षा वेगाने रिकामी होते. जेट तुंबला असता, तर बल्ब दाबून काही फरक पडला नसता आणि केवळ चोकने इंजिन तग धरून राहिले असते.

सर्वांत सोपी चाचणी म्हणजे शेजारच्या होडीची, त्याच जोडणीची टाकी आणि नळी तासभर मागून आणणे. तिच्यावर इंजिन नीट चालले, तर दोष आपल्या टाकीत किंवा नळीत आहे. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना, हे आधी पाहावे. तो बंद राहिला की टाकीत निर्वात होऊन काही मिनिटांनी इंजिन बंद पडते. चालत्या इंजिनावर बल्ब चपटा होत असेल, तर अडथळा बल्बच्या अलीकडे, म्हणजे टाकीत, तिथल्या जाळीत किंवा नळीत असतो. उलट, बल्बवरच्या बाणाची बाजू वर धरून कितीही दाबला तरी बल्ब कडक होत नसेल, तर त्यातल्या झडपा गेल्या आहेत किंवा जोडणीतली रबरी रिंग हवा ओढते आहे. अशी रिंग बाहेर पेट्रोलचा थेंबही न गळता आत हवा घेऊ शकते, त्यामुळे नळी कोरडी दिसली म्हणून निर्धास्त राहू नये.

जुन्या नळीचा आतला थर सुटतो आणि त्याचा पापुद्रा पेट्रोलच्या ओढीबरोबर वाट अडवतो. बाहेरून मात्र नळी धडधाकट दिसते. २०२३पासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले, आणि तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचे रबर त्यासाठी बनलेलेच नव्हते. शिवाय इथेनॉल हवेतली आर्द्रता शोषून घेते आणि पाणी फार झाले की ते मिश्रण वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. म्हणून पावसाळ्यापूर्वीचे उरलेले पेट्रोल इंजिनात मुळीच घालू नये.

मागून आणलेल्या टाकीवरही तेच घडले, तर इंजिनावरचा पेट्रोल पंप उघडावा. हा पंप क्रँककेसमधल्या, म्हणजे पिस्टनमागच्या बंद पोकळीतल्या, दाबाच्या चढउतारावर चालतो. त्याचा पातळ पडदा उजेडासमोर धरला की सुईएवढे छिद्र किंवा सुरकुती स्पष्ट दिसते. छिद्र नसले, तरी ताठरलेला पडदा बदलावाच, आणि त्यासोबत गॅसकेटही.

पंप बदलूनही फरक पडला नाही, तर मात्र कार्बोरेटरकडे वळावे, पण तेव्हाही जेटकडे नव्हे. वाटीत पेट्रोल सोडणारी निडल अडकत असेल, किंवा तिच्या आधीची बारीक जाळी कार्बोरेटर साफ करताना नजरेतून सुटली असेल, तर बल्बचा वाढीव दाब तो अडथळा पार करतो आणि लक्षणे हुबेहूब हीच दिसतात. जेट साफ करायचा झालाच, तर त्यात तार घालू नये. पितळ मऊ असते आणि छिद्र किंचित मोठे झाले तरी मिश्रण कायमचे बिघडते. स्प्रे आणि दाबाची हवा पुरेशी होते.

तोपर्यंत बल्ब दाबत दाबत होडी लांब नेऊ नये. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमधूनच येते, त्यामुळे पेट्रोल कमी पडले की पिस्टनला ऑइलही कमी पडते आणि तो जाम होऊ शकतो. किनाऱ्यावर चाचणी घेताना इंजिनाचा पाय, म्हणजे पंख्याकडचा खालचा भाग, पाण्याच्या पिंपात बुडालेला असावा, कारण कोरडे चालवल्यास इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचे रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारे चाक) फार लवकर जळते. मात्र पिंपात इंजिनावर भार येत नाही, म्हणून दुरुस्ती जमली की नाही हे खाडीत, पूर्ण रेसवरच पाहावे.