पावसाचा थेंब एकाच वेगाने पडत राहतो, मग त्याची स्थितिज ऊर्जा जाते कुठे?

थेंबाची उंची कमी होतेय, वेग मात्र वाढत नाही, तर ऊर्जा अक्षय्यतेचा नियम मोडला का, असं तुम्ही विचारलंय. नियम मोडत नाही. ती ऊर्जा हवेकडे जाते आणि तिचा हिशेब नीट लागतो.

पडणाऱ्या वस्तूची स्थितिज ऊर्जा जेवढी घटते तेवढी गतिज ऊर्जा वाढते, हे आपण शाळेत शिकतो. त्याच धड्यात ‘हवेचा विरोध नगण्य मानल्यास’ अशी अट असते. थेंबाच्या बाबतीत सगळं त्या अटीवरच येऊन ठेपतं, म्हणून हे उदाहरण मला फार आवडतं.

२ मिलिमीटर व्यासाचा थेंब घ्या, वस्तुमान साधारण ४.२ मिलिग्रॅम. तो २ किलोमीटरवरून पडला असं धरू. (खरा थेंब वाटेत वाढतो, आटतो, ते तूर्त बाजूला ठेवू.) सुरुवातीची स्थितिज ऊर्जा येते ०.०८२ ज्यूल. हवा नसती तर जमिनीपाशी त्याचा वेग सेकंदाला जवळपास २०० मीटर, म्हणजे ताशी ७०० किलोमीटरच्या वर गेला असता! प्रत्यक्षात तो सेकंदाला ६.५ मीटरच्या आसपास असतो. त्या वेगाची गतिज ऊर्जा भरते जेमतेम ०.००००९ ज्यूल, मूळ ऊर्जेच्या हजारात एक भाग.

उरलेले ९९९ भाग? पडायला लागल्यावर काही मीटरांतच हवेचा विरोध थेंबाच्या वजनाइतका होतो. पुढे निव्वळ बल शून्य, म्हणून वेग स्थिर. पण थेंब हवेला बाजूला सारतच असतो, म्हणजे तिच्यावर कार्य करतच असतो. त्याच्यामागे हवेत खळबळ उठते, ती अंतर्गत घर्षणाने विरते आणि शेवटी उष्णता उरते. ही सगळी उष्णता थेंबातच राहिली असती तर तो ४.७ अंश सेल्सिअसने तापला असता. ती बरीचशी हवेत पसरते, शिवाय बाष्पीभवनाने थेंब थंडही होतो, त्यामुळे आपल्याला काही जाणवत नाही.

इंग्रज शास्त्रज्ञ जेम्स ज्यूलने १८४०च्या दशकात नेमकं हेच मोजलं. त्याची वजनं सावकाश खाली उतरत, त्यांच्या ओढीने पाण्यातली पाती फिरत. वजनांचा वेग फारसा वाढत नसे, पाणी मात्र किंचित तापे.

परीक्षेत ‘थेंबाची यांत्रिक ऊर्जा (म्हणजे स्थितिज आणि गतिज ऊर्जेची बेरीज) कायम राहते का?’ असं विचारलं, तर ‘नाही’ असंच लिहा. कायम राहते ती थेंब, हवा आणि पृथ्वी मिळून असलेली एकूण ऊर्जा.