जुनी आयबीसी टाकी घेताय?

दादा, जीवामृतासाठी (शेण-गोमूत्र आंबवून केलेलं द्रवखत) आयबीसी, म्हणजे लोखंडी पिंजऱ्यातली १००० लिटरची जुनी प्लास्टिकची टाकी घेताय, तर किंमत विचारायच्या आधी एकच विचारा: पूर्वी आत काय भरलं होतं? लेबल खरवडलेलं असेल तर कितीही स्वस्त मिळो, सोडून द्या. रसायन प्लास्टिकात मुरतं. मी एकदा फसलो, महिनाभर धुऊनही वास गेला नाही. खाद्यतेलाची किंवा ग्लुकोज सिरपची शोधा. प्यायच्या पाण्याला मात्र जुनी नकोच. भरल्यावर वजन टनाच्या वर जातं, त्यामुळे खाली सपाट, घट्ट जमीन हवी. चार विटांवर टेकवू नका. पांढऱ्या प्लास्टिकमधून ऊन आत जाऊन शेवाळ धरतं, काळी ताडपत्री गुंडाळा. जीवामृत आंबताना वायू सुटतो, झाकण सैल ठेवा. व्हॉल्व्हचे आटे साध्या पाइपाला बसत नाहीत, अडॅप्टर सोबतच घ्या.